स्पीच थेरपीचे शिक्षण आणि विद्यार्थी सदस्यत्वाचा फॉर्म

गेल्या पालकसभेनंतर शाळेचे एक जुने पालक शिक्षकांच्या खोलीत आले. त्यांची मुलगी आपल्याच शाळेतून दहावी झाली, विज्ञान शाखेतून बारावी करून बाहेरगावी गेली आणि आता वाचा व श्रवण या विषयाच्या पदवीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्यांच्या हातात एक छापील फॉर्म होता.

"सर, पोरगी म्हणते ह्या असोसिएशनचं मेंबर व्हायचं. कॉलेजची फी भरली, हॉस्टेलची भरली. आता हे आणि काय? ह्यानं नोकरी लागते का? का हेच लायसन?"

आम्ही तिघे-चौघे शिक्षक तिथे होतो. एकालाही नीट उत्तर देता आले नाही. डॉक्टर, इंजिनिअर, शिक्षक होण्याची वाट आम्हाला पाठ आहे. या वाटेची माहिती नव्हती. मग त्या मुलीशी फोनवर बोललो, तिच्या प्राध्यापकांनाही प्रश्न विचारले, जाणत्यांकडून कायदा समजून घेतला. जे कळले ते या अंकात देत आहोत, कारण यंदा दहावी-बारावीच्या आणखी दोन-तीन मुलांनी या अभ्यासक्रमाची चौकशी केली आहे. आणि दुसरे कारण असे, की फॉर्मवरून सुरू झालेली ही चौकशी शेवटी आपल्या पहिलीच्या वर्गापर्यंत येऊन पोचली. ते पुढे सांगतोच.

आधी या व्यवसायाविषयी. स्पीच थेरपिस्ट म्हणजे बोबडे बोलणाऱ्या मुलांना 'र' म्हणायला शिकवणारे, एवढीच आपल्याकडे समजूत. प्रत्यक्षात या शिक्षणाचे दोन भाग आहेत आणि आपल्या देशात पदवीला दोन्ही एकत्र शिकवतात. एक ऑडिओलॉजी, म्हणजे श्रवणाचा भाग. नवजात बाळाला ऐकू येते की नाही याची तपासणी, मोठ्यांचा ऑडिओग्राम, श्रवणयंत्र निवडून ते कानाला जुळवून देणे, कॉक्लिअर इम्प्लांटनंतरचे काम, हे सारे त्यात येते. दुसरा वाचा आणि भाषेचा भाग. उशिरा बोलणारी मुले, तोतरेपणा, दुभंगलेल्या टाळूची शस्त्रक्रिया झालेली बाळे, लकवा आल्यावर ज्यांची वाचा जाते ते आजोबा-आजी, गिळताना ज्यांना ठसका लागतो ते रुग्ण, आणि घसा बसलेले शिक्षक. (शेवटच्या गटात आमच्या खोलीतले निम्मे लोक मोडतात.) २०११च्या जनगणनेत श्रवणदोष असलेल्यांची संख्या सुमारे ५० लाख ७१ हजार आणि वाचादोष असलेल्यांची सुमारे १९ लाख ९८ हजार नोंदली गेली. लकव्याने वाचा गेलेले किंवा वयोमानाने कमी ऐकू येणारे कितीतरी लोक स्वतःला अशा नोंदीत बसवत नाहीत, तेव्हा गरज याहून मोठी असणार.

आपल्या देशात हे शिक्षण १९६०च्या दशकात सुरू झाले. मुंबईचे नायर रुग्णालय आणि म्हैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था ही जुनी नावे. म्हैसूरची संस्था १९६५ची, केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या अखत्यारीतली, आणि आपल्याच राज्यात. मुंबईत वांद्रे येथे १९८३ साली अली यावर जंग यांच्या नावाने राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तिचे एक प्रादेशिक केंद्र सिकंदराबादला आहे, म्हणजे हैदराबादच्या मराठी मंडळींना ते घरचेच. अली यावर जंग हे महाराष्ट्राचे राज्यपाल होते आणि त्या पदावर असतानाच १९७६ साली वारले. पदवीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा. त्याला बीएएसएलपी म्हणतात आणि शेवटचे वर्ष इंटर्नशिपचे असते. बारावीला विज्ञान शाखा लागते. प्रवेशाची पद्धत संस्थेगणिक वेगळी आहे, ती त्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकातूनच पाहावी. शेजारच्या मुलाने तीन वर्षांपूर्वी काय केले यावर विसंबू नये.

आता त्या पालकांच्या प्रश्नाकडे येतो. त्यांच्या प्रश्नात तीन वेगवेगळे कागद एकमेकांत मिसळले होते, आणि आमच्या डोक्यातही ते तसेच मिसळलेले होते.

पहिला कागद पदवीचा. तो विद्यापीठ देते. पण अभ्यासक्रमाला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता हवी. ही परिषद १९९२च्या कायद्याने अस्तित्वात आली. मान्यता नसलेल्या ठिकाणी चार वर्षे आणि लाखो रुपये घालवले तरी पुढचा कागद मिळत नाही. म्हणून प्रवेश घेण्याआधी संस्थेची इमारत, वसतिगृह आणि मेस पाहण्यापूर्वी परिषदेच्या यादीत त्या संस्थेचे आणि त्या अभ्यासक्रमाचे नाव आहे का, एवढे पाहावे. नाव असेल तर कोणत्या वर्षापर्यंतची मान्यता आहे तेही पाहावे.

दुसरा कागद नोंदणीचा. पदवी आणि इंटर्नशिप पूर्ण झाल्यावर याच परिषदेच्या केंद्रीय पुनर्वास नोंदपुस्तकात नाव दाखल होते आणि एक क्रमांक मिळतो. पदवीधर तज्ज्ञांचा क्रमांक इंग्रजी 'ए' अक्षराने सुरू होतो. हेच त्या पालकांच्या भाषेतले लायसन. नोंदणी नसताना हा व्यवसाय करणे हा कायद्याने गुन्हा असून त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली आहे. दंडाची रक्कम आजच्या दिवसात हास्यास्पद वाटते, पण कैद आहे. नोंदणी एकदा केली की जन्मभर पुरते असेही नाही. ठरावीक मुदतीने नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी मधल्या काळात शिक्षण चालू ठेवल्याचे गुण दाखवावे लागतात.

तिसरा कागद संघटनेच्या सदस्यत्वाचा, आणि त्या पालकांच्या हातात होता तो हाच. इंडियन स्पीच अँड हिअरिंग असोसिएशन ही या क्षेत्रातल्या लोकांची देशपातळीवरची संघटना आहे. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला 'इशा' म्हणतात. तीही १९६०च्या दशकातलीच, म्हणजे पहिले विद्यार्थी शिकून बाहेर पडत होते त्याच काळातली. राज्यांमध्ये तिच्या शाखा आहेत. वर्षातून एकदा तिचे अधिवेशन भरते, त्याला 'इशाकॉन' म्हणतात, आणि ते दर वर्षी वेगळ्या शहरात असते. तिचे स्वतःचे संशोधनविषयक नियतकालिक आहे आणि आचारसंहिता आहे. विद्यार्थ्यांसाठी सदस्यत्वाचा वेगळा वर्ग आहे. हे सदस्यत्व ऐच्छिक आहे. ते घेतले नाही म्हणून पदवी अडत नाही, नोंदणी अडत नाही, नोकरीही अडत नाही. आणि ते घेतले म्हणून एकाही रुग्णाला स्वतंत्रपणे तपासण्याचा अधिकार येत नाही.

हे शेवटचे वाक्य आम्ही मुद्दाम लिहीत आहोत. दोन वर्षांपूर्वी आपल्या तिसरीतल्या एका मुलाचे आईवडील त्याला शहरातल्या एका ठिकाणी वाचेच्या व्यायामासाठी आठ महिने नेत होते. आठवड्यातून दोनदा रिक्षाचे भाडे, वर फी. त्या खोलीत भिंतीवर काचेच्या चौकटीत एक मोठे प्रमाणपत्र लावलेले होते. ते कुठल्याशा संघटनेच्या सदस्यत्वाचे होते. सोनेरी किनार, शिक्का, दोन सह्या. पालकांना वाटले हीच परवानगी. आम्हीही एकदा तिथे गेलो होतो आणि ते पाहून आम्हालाही तसेच वाटले होते. दोष फक्त पालकांचा नाही. आठ महिन्यांत त्या मुलाचे कान कोणी तपासले नाहीत. पुढे एका कान-नाक-घसा डॉक्टरांनी पाहिले तेव्हा दोन्ही कानांच्या पडद्यांमागे द्रव साठलेला निघाला. मुलाला कमी ऐकू येत होते, म्हणून तो शब्दांची टोके खात होता आणि वर्गात लक्ष देत नाही म्हणून बोलणी खात होता. उपचार झाले, आता तो ठीक आहे. पण ते आठ महिने गेले, आणि त्याच्या प्रगतिपुस्तकात आमच्या हाताने लिहिलेला 'दुर्लक्ष करतो' हा शेरा अजून आहे.

या विषयाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही विचारले तर तो सांगेल, की बोलण्याची कुठलीही तक्रार आली की आधी कान तपासायचे. भिंतीवरच्या त्या प्रमाणपत्राखाली बसणाऱ्याला ते ठाऊक नव्हते, किंवा ठाऊक असून केले नाही. तेव्हा पालकांनी विचारायचे ते एवढेच: आपला परिषदेचा नोंदणी क्रमांक काय? नोंदणीकृत माणसाला या प्रश्नाचा राग येत नाही. हा क्रमांक परिषदेच्या संकेतस्थळावर ताडून पाहता येतो. आणखी एक भेद लक्षात ठेवावा. याच क्षेत्रात श्रवण, भाषा व वाचा या विषयाची एक वर्षाची पदविकाही आहे. ती खरी आणि मान्य आहे, त्या मुलामुलींचे कामही मोलाचे आहे, पण त्यांनी पदवीधर तज्ज्ञाच्या देखरेखीखाली काम करायचे असते.

मग हा तिसरा कागद घ्यायचा कशाला, हा त्या पालकांचा प्रश्न उरतोच. तो आम्ही मुलीलाच विचारला. "बायोडेटामध्ये एक ओळ वाढते," असे ती म्हणेल ही आमची अपेक्षा होती. तिने ते सांगितलेही, पण शेवटी.

तिने आधी सांगितले ते अधिवेशनाचे. विद्यार्थी सदस्याला फी पूर्ण सदस्यापेक्षा कमी असते, नियतकालिक वाचायला मिळते, शाखेच्या व्याख्यानांची सूचना येते. पण खरा फायदा तिला राज्य शाखेच्या एका परिषदेत कळला. कॉलेजात एक तक्रार घेऊन आलेला रुग्ण एका पद्धतीने तपासतात, आणि तीन वर्षे तेच पाहिले की वाटते जगात हीच एक पद्धत आहे. परिषदेत दुसऱ्या कॉलेजची मुलगी उभी राहून सांगते की आमच्याकडे असे करतात, आणि मागच्या रांगेतले एक ज्येष्ठ उठून दोघींना विचारतात, की हे कशावरून? "सर, वर्गात 'कशावरून' विचारलं की आम्ही पुस्तकाचं पान सांगायचो. तिथं पान चाललं नाही." विद्यार्थ्यांना तिथे निबंध वाचता येतो किंवा भित्तिपत्रक मांडता येते. ती स्वतः एका भित्तिपत्रकाशेजारी दोन तास उभी होती. सात माणसे थांबली. त्यातल्या तिघांनी चुका दाखवल्या. एकाने दाखवलेली चूक चूक नव्हती, हे तिला रात्री वसतिगृहात कळले आणि मग उत्तर सुचले. हे सांगताना तिला हसू येत होते.

दुसरी गोष्ट आचारसंहितेची. फॉर्मवर सही करणारा विद्यार्थी संघटनेचे नियम मान्य करतो. पालकांना हा भाग औपचारिक वाटतो, पण याच भागासाठी आम्ही तो फॉर्म भरायला सांगू. या विद्यार्थ्यांसमोर दुसऱ्या वर्षापासून खरी माणसे बसतात. अर्थात शिक्षकांच्या देखरेखीखाली. किती तास कोणत्या प्रकारच्या रुग्णांसोबत काम केले याची नोंद ठेवावी लागते आणि त्यावर पर्यवेक्षकांची सही लागते. पण समोरची आई रडत असते ती या वीस वर्षांच्या मुलीसमोर. तिच्याच वर्गातल्या एकाने पहिल्यांदा 'आई' म्हणणाऱ्या चिमुरड्याची चित्रफीत कौतुकाने मोबाइलच्या स्टेटसवर लावली. हेतू वाईट नव्हता. पण त्या बाळाच्या कानामागचे यंत्र दिसत होते, आणि घरच्यांनी ते अजून नात्यात कोणाला सांगितले नव्हते. ते एका मावशीच्या मोबाइलवर जाऊन पोचले. पुढे काय झाले ते लिहीत नाही. त्या मुलाने जाऊन माफी मागितली आणि कॉलेजने त्याला काही आठवडे क्लिनिकबाहेर ठेवले. यंत्र विकणाऱ्याकडून कमिशन न घेणे, बरे करण्याची हमी न देणे, रुग्णाची माहिती बाहेर न बोलणे, आपल्याला न येणारे काम अंगावर न घेणे, हे सारे नियम डॉक्टरांना जसे असतात तसे इथेही आहेत. नोकरी लागल्यावर ते शिकू म्हटले तर उशीर होतो.

मर्यादाही सांगायला हव्यात. अशा संघटनांमध्ये विद्यार्थी सदस्याला सहसा मताधिकार नसतो. शिक्षण संपले की हे सदस्यत्वही संपते आणि पूर्ण सदस्यत्वासाठी पुन्हा अर्ज करावा लागतो. आपल्या नावापुढे ते पदवीसारखे लावता येत नाही. आणि नुसता फॉर्म भरून घरी बसले तर कार्डाशिवाय हाती काही येत नाही. आमच्या ओळखीत शिक्षकांच्या संघटनेचे असे सदस्य पुष्कळ आहेत, आम्हीही त्यांत आलो.

ज्यांची मुले किंवा भाचवंडे अमेरिकेत आहेत अशा पालकांसाठी थोडेसे. तिकडची संघटना १९२५ साली स्थापन झाली आणि विद्यार्थ्यांसाठी १९७२पासून वेगळी राष्ट्रीय संस्थाच आहे. तिच्या शाखा विद्यापीठांमध्ये असतात. सलग दोन वर्षे विद्यार्थी सदस्य राहिलेल्याला पुढे मोठ्या संघटनेत जाताना पहिल्या शुल्कात सवलत मिळते. पण तिथेही व्यवसायाचा परवाना ज्या त्या राज्याचा वेगळा असतो. शिवाय वाचा विभागात काम करायला तिकडे पदव्युत्तर शिक्षण लागते आणि श्रवण विभागात त्याहूनही पुढचे. आपल्या चार वर्षांच्या पदवीवर लगेच काम मिळेल या समजुतीने कोणी तिकिट काढू नये.

आता पहिलीच्या वर्गाची गोष्ट.

बोलण्याच्या ओघात मुलीने सांगितले, की क्लिनिकमध्ये सीमाभागातून आलेला साडेचार वर्षांचा एक मुलगा तिच्या वाट्याला आला. मराठी घरचा म्हणूनच तो तिच्याकडे दिला. तपासणीत चित्र दाखवून विचारतात, हा काय करतोय? अपेक्षित उत्तर होते, 'मुलगा खेळतोय'. पोराने सांगितले, 'पोरगं खेळायलंय.' शेजारी बसलेल्या विद्यार्थ्याने, जो मराठी भाषक नव्हता, कागदावर क्रियापद चुकले अशी खूण केली. ती म्हणाली, "चुकलं नाही. आमच्याकडं असंच म्हणतात." त्याने विचारले, "कशावरून?"

खरे तर हा प्रश्न योग्य होता. आपल्या भागात 'काय करायलास' आणि 'यायलोय' हे आपण दिवसभर ऐकतो, पण बाहेरच्या माणसाला ते मूल अडखळतेय की गावची रीत बोलतेय, हे कसे कळावे? तिला दिलेली शब्दयादी प्रमाण मराठीची होती. आणि ही अडचण केवळ क्रियापदांची नाही. मराठीत 'च' दोन आहेत, 'चहा'मधला वेगळा आणि 'चार'मधला वेगळा. 'ज'चेही तसेच, 'हे जग मोठे आहे' आणि 'तू शंभर वर्षे जग' ही वाक्ये मोठ्याने म्हणून पाहा. लिहिताना अक्षर एकच, म्हणून आपल्यालाही ते जाणवत नाही. कन्नड किंवा हिंदी भाषक तपासनीस 'चहा' ऐकेल तेव्हा त्याला वाटेल मुलाचा 'च' दातांत अडकतोय, आणि नसलेल्या दोषावर व्यायाम सुरू होतील. उलट इंदूर-ग्वाल्हेरकडे हिंदीची शब्दयादी वापरली तर तिच्यात 'ळ' येणारच नाही, आणि 'काळ' व 'काल', 'मूळ' व 'मूल' यांत फरक न करणारे मराठी मूल तपासणीतून निर्दोष म्हणून बाहेर पडेल. एका ठिकाणी दोष नसताना सापडतो, दुसरीकडे असून निसटतो.

याहून वाईट म्हणजे आपल्याकडच्या पालकांना मिळणारा एक सल्ला: मूल उशिरा बोलतेय ना, मग घरात एकच भाषा बोला, मराठी बंद करा, शाळेची भाषा ठेवा. आम्ही तीन घरांत हे पाहिले आहे. एका घरात आजीला नातवाशी बोलायची चोरी झाली, कारण तिला दुसरी भाषा येत नव्हती. मुलीच्या प्राध्यापकांनी आम्हाला स्पष्ट सांगितले, की दोन किंवा तीन भाषा कानावर पडल्याने वाचादोष होत नाही आणि तोतरेपणाही होत नाही. दोष असेल तर तो मुलाच्या सर्व भाषांत दिसतो. म्हणून घरच्या भाषेतही तपासावे लागते, आणि ती बंद केल्याने मुलाचे बोलणे आणखी कमी होते. मराठी शाळेच्या अंकात आम्ही हे लिहितो तेव्हा आमचा स्वार्थ आहे असे कोणाला वाटेल. असू दे, पण ते आमचे मत नाही, त्या विषयाच्या जाणकारांचे आहे.

तेव्हा मुलीने ठरवले, की आपल्या भागातल्या लहान मुलांच्या बोलण्याची एक छोटी नोंद करायची. चौथ्या वर्षाच्या आधी, मार्गदर्शकांच्या देखरेखीखाली, वीस-पंचवीस मुले, ठरलेली पन्नास चित्रे. पोरे कोणता शब्द वापरतात आणि कसा उच्चारतात, एवढेच टिपायचे. तिचे मार्गदर्शक म्हणाले, एवढ्याने कसोटी तयार होत नाही, त्यासाठी शेकडो मुले आणि पुष्कळ वर्षे लागतात. पण परिषदेत मांडता येईल. आणि मांडले, तर पुण्याचे, मुंबईचे, सिकंदराबादचे कोणी मराठी विद्यार्थी असतील त्यांना कळेल, की हेच काम त्यांच्याकडच्या मराठीवरही व्हायला हवे. म्हणून तो फॉर्म, म्हणून वडिलांकडे पैशाची मागणी. घरी फोनवर ती हे सगळे सांगू शकली नव्हती. "बाबांना वाटलं असतं अभ्यास सोडून भलतंच."

वडिलांना आम्ही हे सांगितले तेव्हा ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पोरगं खेळायलंय हे चूक आहे असं कोण म्हणतंय?" आणि फॉर्म मागितला. त्यावर विभागप्रमुखांची सही लागते आणि विद्यार्थी असल्याचा दाखला जोडावा लागतो. ते काम कॉलेजात होईल. फी वडील स्वतः भरणार आहेत. विश्वस्त मंडळाच्या गेल्या बैठकीत आम्ही हा विषय ठेवला होता. माजी विद्यार्थी निधीतून अशा सदस्यत्वाची आणि परिषदेच्या एका प्रवासाची निम्मी रक्कम द्यावी अशी आमची सूचना होती. एका विश्वस्तांनी विचारले, की मग वकिलीच्या आणि नर्सिंगच्या मुलांनाही का नको? त्याला आमच्याकडे उत्तर नव्हते, आणि तो प्रश्न बरोबरच आहे. निर्णय पुढच्या बैठकीत होईल.

नोंद दिवाळीच्या सुट्टीआधीच्या आठवड्यात, शाळेच्या वाचनालयात होईल. पहिली आणि बालवर्गातली मुले घेणार आहोत. फक्त आवाज ध्वनिमुद्रित होईल, चित्रफीत होणार नाही; मुलाचे नाव कुठेही लिहिले जाणार नाही; आणि मुलाने 'मला नको' म्हटले तर तिथेच थांबायचे, असे मुलीने आम्हाला आधी लिहून दिले आहे. ही मुलाच्या बोलण्याची तपासणी नव्हे, तेव्हा 'आमच्या बाळ्यात काही दोष आहे का' हे तिला त्या दिवशी विचारू नये; ती अजून विद्यार्थिनी आहे आणि तिला ते सांगण्याचा अधिकार नाही. तशी शंका असेल तर वर्गशिक्षिकेला सांगावे, आधी कानाच्या तपासणीची सोय आपण करू. संमतिपत्र या अंकासोबत जोडले आहे. दोघांपैकी एका पालकाची सही चालेल. घरी कोणकोणत्या भाषा बोलल्या जातात त्याचा रकाना मात्र रिकामा ठेवू नये, आणि आजी-आजोबा वेगळी भाषा बोलत असतील तर तीही लिहावी.